अण्णांच्या सांभाळाचे अठरा महिने : ब्युरो, निवासी केंद्र आणि दिवसभराचे केंद्र

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळण्यासाठी पुण्यात पैसे मोजून ज्या सेवा मिळतात, त्यांपैकी तीन आम्ही गेल्या दीड वर्षात वापरून पाहिल्या. पेशंटजवळ थांबायला माणूस पुरवणारा ब्युरो आठ महिने, त्यानंतर एका निवासी केंद्रात एकवीस दिवस, आणि आता दिवसभराचे केंद्र, ज्याला पाच महिने झाले. या सगळ्याच्या आधीचे चार महिने कोणतीच सेवा घेतली नव्हती. मी बिनपगारी रजा टाकून घरी बसले होते. त्या चार महिन्यांचाही हिशेब इथे धरणार आहे. मी एका सहकारी पतसंस्थेच्या हिशेब विभागात नोकरी करते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून वही ठेवली, आणि पुढे जे आकडे येतील ते त्या वहीतले आहेत. तिन्ही ठिकाणांची नावे मुद्दाम देत नाही. या व्यवसायात माणूस बदलला की सेवा बदलते. आज मी ज्याला चांगले म्हणेन ते ठिकाण सहा महिन्यांनी तसेच राहील याची हमी त्या ठिकाणालाही देता येणार नाही.

पेशंट म्हणजे माझे सासरे, वय ७६, एसटीतले निवृत्त कंडक्टर. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आजाराची पहिली खूण पैशांतच दिसली होती. ज्या माणसाने तीस वर्षे चालत्या गाडीत उभे राहून, काखेत तिकिटांचा ट्रे धरून, बोटांच्या चिमटीत नोटा मोजून सुट्टे परत केले, त्याने दूधवाल्याला एकाच आठवड्यात तीनदा पाचशेची नोट दिली आणि बाकी मागितली नाही. विजेचे बिल दोनदा भरले गेले. घरात यावर चर्चा झाली ती ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीपलीकडे गेली नाही, आणि त्यात दोन वर्षे गेली. एका संध्याकाळी ते धायरीहून निघून थेट स्वारगेटच्या स्थानकावर जाऊन बसले आणि कंट्रोलरला ड्यूटी विचारू लागले, तेव्हा डॉक्टर गाठले. एमआरआय, बी-१२, थायरॉइड, सगळ्या तपासण्या झाल्या. निदान अल्झायमरचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्याच एका प्रकाराचे झाले.

अल्झायमरवरची डोनेपेझिल आणि रक्तदाबाची गोळी धरून औषधांचा खर्च महिन्याला १,९०० रुपयांच्या घरात बसतो. ही औषधे आपल्याकडच्याच कंपन्या बनवतात आणि ती परवडतात. सुरुवातीला आमची फसगत झाली ती इथेच. औषधांचा आकडा पाहून नवऱ्याने आणि मी असा समज करून घेतला की हा आजार मनाला जड असला तरी खिशाला फारसा जड नाही. गोळी मात्र सकाळी एक मिनिटात घेऊन होते, आणि उरलेले तेवीस तास एकोणसाठ मिनिटे कोणीतरी जवळ असावे लागते, हे त्या प्रिस्क्रिप्शनवर कुठे लिहिलेले नसते.

आता ब्युरोविषयी. नोंदणी शुल्क ३,००० रुपये, जे परत मिळत नाही. सकाळी आठ ते रात्री आठ या बारा तासांचे ८५० रुपये. पुरुष हवा असेल तर ९५०. महिन्यातून चार सुट्ट्या, म्हणजे सव्वीस दिवसांचे २२,१०० रुपये, शिवाय चहा आणि दुपारचे जेवण आपल्याकडे. करारात दोन गोष्टी ठळक लिहिलेल्या होत्या : माणूस ‘ट्रेन्ड’ असेल, आणि तो आला नाही तर चोवीस तासांत बदली मिळेल. आठ महिन्यांत आमच्याकडे नऊ जणी आल्या. बदली चोवीस तासांत मिळाल्याचे वहीत फक्त दोनदा नोंदले आहे. एरवी तीन ते पाच दिवस जात, आणि ते दिवस मी रजेने भरून काढले. चार महिने आधीचे आणि असे तुकड्यातुकड्यांनी मिळून तीन महिने, एकूण सात महिन्यांचा पगार मी गमावला.

‘ट्रेन्ड’ या शब्दाचा अर्थ ब्युरोच्या लेखी डायपर बदलता येणे, स्पंज देता येणे आणि रक्तदाब मोजता येणे एवढाच असतो, हे करार करताना विचारून घ्यायला हवे होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ते शिक्षण पुरेसे असेलही. अण्णा मात्र अंथरुणावर नव्हते. ते चालते-फिरते होते, तब्येतीने खणखणीत होते, आणि कातरवेळ झाली की त्यांना ड्यूटीवर जायचे असायचे. दिवेलागणीच्या सुमाराला ते शर्टाची वरची गुंडी लावून दाराशी उभे राहत. तिथे ‘अहो अण्णा, तुम्ही कधीच रिटायर झालात, गप बसा बरं’ असे म्हणणारी माणसे आमच्याकडे एकामागून एक आली, आणि दर वेळी दाराशी झटापट झाली. एकदा त्यांनी स्टीलचा पेला फेकून मारला. बाई दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत, आणि त्यांचेही काही चुकले असे मला वाटत नाही, कारण ज्या माणसाचे भान सुटते आहे त्याच्याशी खरेखोटे करत बसायचे नसते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आणखी एका बाईंनी दुपारी खोलीला बाहेरून कडी लावल्याचे शेजारच्या काकूंनी सांगितले. ब्युरोला फोन केला तर तिकडून उत्तर आले की पेशंट ‘व्हायोलंट’ असेल तर दर वेगळा लागेल.

नऊ जणींपैकी एक वेगळी होती. बीडकडच्या ताई. शाळा सातवीपर्यंत, ब्युरोचे प्रशिक्षण आठवडाभराचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा दाराशी गेले तशा त्या शांतपणे त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अण्णा, साडेसातची गाडी कॅन्सल झाली. आता डायरेक्ट पहाटेची आहे, तोवर जेवून घ्या.’ अण्णा थोडे कुरकुरले, डेपो मॅनेजरच्या नावाने काहीतरी पुटपुटले आणि हात धुवायला गेले. ही युक्ती कुठे शिकलात असे मी विचारले तर ताई हसल्या. त्यांच्या चुलत्यांना असेच झाले होते, एवढेच म्हणाल्या.

ताईंमुळेच मला या सेवेची दुसरी बाजू कळली. आमच्या ८५० रुपयांतले ६०० त्यांच्या हाती पडत. बसने येणे-जाणे त्यांचे त्यांनी करायचे. गावाकडे त्यांची सासू पक्षाघाताने पडून होती आणि तिच्याजवळ थांबायला ताईंच्या मुलीने अकरावीतून कॉलेज सोडले होते. म्हणजे माझी नोकरी टिकावी म्हणून ताई आमच्याकडे, आणि ताईंची मजुरी टिकावी म्हणून ती मुलगी घरी. दहा आठवड्यांनी ब्युरोने त्यांना चोवीस तासांच्या दुसऱ्या कामावर हलवले, कारण तिथे कमिशन जास्त. आम्ही जादा पैसे द्यायला तयार होतो, पण करारात माणूस परस्पर ठेवला तर दंडाचे कलम आहे आणि ताई ब्युरोला घाबरत होत्या.

ब्युरोविषयी माझे मत असे की, पेशंट अंथरुणावर असेल आणि घरात लक्ष ठेवायला दुसरे कोणी असेल, तर ही सेवा उपयोगाची आहे. चालत्या-फिरत्या स्मृतिभ्रंशाच्या पेशंटसाठी हा नशिबाचा खेळ आहे, आणि त्याची सोडत दर दोन-तीन आठवड्यांनी नव्याने निघते.

निवासी केंद्राबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो प्रयोग आम्ही थकून केला होता आणि थकलेल्या माणसाची निवड चांगली नसते. दिवसाला १,८०० रुपये, पंचवीस हजार अनामत, डायपर आणि औषधे वेगळी. एकवीस दिवसांचे ३७,८०० झाले. इमारत स्वच्छ, जेवण बरे, पहिल्या भेटीत दाखवलेला बगीचा खराच होता. रात्री मात्र चौदा पेशंटांमागे दोन माणसे असत, आणि अण्णा रात्री उठतात म्हणून त्यांना संध्याकाळीच झोपेचे औषध दिले जात होते, हे आम्हाला सोळाव्या दिवशी कळले, तेही दुसऱ्या एका पेशंटच्या मुलीकडून. घरी आणले तेव्हा वजन तीन किलो उतरले होते आणि माकडहाडाजवळ जखमेची सुरुवात होती. अनामत वेळेवर परत मिळाली, हे नोंदवायला हवे. सगळीच निवासी केंद्रे अशी असतील असे मी म्हणणार नाही. रात्री किती पेशंटांमागे किती माणसे असतात, हा प्रश्न मी विचारला नव्हता, तो तुम्ही विचारा, आणि शक्य असेल तर रात्री नऊनंतर एकदा जाऊन पाहा.

दिवसभराचे केंद्र कोथरूडच्या बाजूला एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. बावीस ज्येष्ठ आणि पाच कर्मचारी. शुल्क १२,०००, व्हॅनचे ३,००० वेगळे. दोन वेळचा चहा आणि दुपारचे जेवण शुल्कातच. प्रवेशाआधी तीन दिवस चाचणीचे असतात आणि त्या तीन दिवसांत तिथल्या ताईंनी आम्हाला जे विचारले, ते तोवर कोणीच विचारले नव्हते : अण्णा पूर्वी काय काम करायचे, उजव्या हाताने जेवतात की डाव्या, कोणत्या आवाजाने दचकतात, त्यांना नावाने हाक मारलेली आवडते की नात्याने.

आठवड्याभराने मी दुपारी न सांगता गेले. अण्णा खिडकीजवळच्या टेबलावर बसले होते. समोर रंगीत कागदाच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते, एकेक रबरबँडने बांधलेला, आणि एक रेघा आखलेला कागद. ते अंगठ्याला थुंकी लावून गठ्ठा मोजत होते, तो बाजूला ठेवत होते आणि कागदावर आकडा लिहीत होते. वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या आणि पैशांच्या हिशेबाचा कागद, भरणे चालले होते. केंद्रातल्या एका ताईंनी जुन्या कंडक्टरांना काय काय लिहावे लागे हे कोणाला तरी विचारून तसा कागद आखून आणला होता. आकडे अर्थातच जुळत नव्हते. एका रकान्यात ४२ च्या खाली ४२०० लिहिले होते आणि बेरीज कशाचीच नव्हती. तेवढ्यात अण्णांनी मान वर करून विचारले, ‘कॅश कमी आली का?’ ताई म्हणाल्या, ‘नाही अण्णा, पैसा न पैसा जुळला. सही करा.’ त्यांनी सही केली. सही अजून तीच आहे, शेवटी रेघ मारून खाली दोन टिंबे. मी दारातूनच परत फिरले.

या केंद्रातही उणिवा आहेत. पावसाळ्यात व्हॅन चारदा आली नाही आणि कळवायला सकाळचे नऊ वाजले; तोवर मी ऑफिसला निघण्याच्या तयारीत असते. रविवार आणि सणांच्या सुट्ट्या आपल्या अंगावर. सगळ्यात मोठी मर्यादा नियमातच लिहिलेली आहे : पेशंट स्वतः चालू शकत नसेल तर केंद्र त्याला ठेवून घेणार नाही. पायऱ्या, व्हॅन आणि पाच माणसे पाहता ते समजण्यासारखे आहे. पण हा आजार पुढेच जाणारा आहे, त्यामुळे ही सेवा आजाराच्या मधल्या टप्प्यापुरतीच आहे, आणि त्या टप्प्यानंतर आम्हाला पुन्हा ब्युरोच्या दारात उभे राहावे लागणार, हे धरूनच चालावे लागते.

आता दरांची तुलना. ब्युरोचे महिन्याला ३१२ तास, म्हणजे तासाला सुमारे ७१ रुपये. केंद्राचे महिन्याला साधारण १९२ तास, व्हॅनसह तासाला सुमारे ७८ रुपये. नुसते तास मोजले तर ब्युरो स्वस्त पडतो, आणि पहिल्या दिवशी आम्ही निवड केली ती याच गणितावर. परंतु ब्युरोच्या काळात अण्णा दुपारभर झोपत आणि रात्री चार-पाच वेळा उठत. केंद्र सुरू झाल्यापासून दिवसा जागे राहतात आणि रात्री एकदा, फार तर दोनदा उठतात. म्हणजे केंद्र आम्हाला दिवसाचे आठ तास विकते आणि रात्रीचे तीन-चार तास त्याच पैशांत परत देते. ब्युरोकडून घेतलेला तास मात्र पुष्कळदा माझ्या रात्रीतून वसूल व्हायचा. तासाच्या दरावर सेवा निवडू नये, असे मी म्हणते ते या अनुभवावरून.

पूर्ण हिशेब असा. अठरा महिन्यांत ब्युरो नोंदणीसह १,७९,८००, निवासी केंद्र ३७,८००, दिवसभराचे केंद्र ७५,०००, औषधे ३४,२००, तपासण्या आणि डॉक्टर ३१,०००, आणि शेवटच्या सहा महिन्यांत रात्रीच्या आणि प्रवासाच्या डायपरांचे २१,६००. खिशातून प्रत्यक्ष गेलेले झाले ३,७९,४०० रुपये. यावर माझा सात महिन्यांचा बुडालेला पगार, महिना ३४,००० प्रमाणे, २,३८,०००. आणि शिवाय जे कोणत्याच पावतीवर येत नाही ते : संध्याकाळ, रात्र आणि पहाट मिळून नवरा आणि मी रोजचे सरासरी पाच तास अण्णांसाठी देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालासाठी जगभरच्या कुटुंबीयांचा जो सरासरी वेळ काढला आहे, तोही रोज पाच तासांचाच आहे. ब्युरोच्या ७१ रुपये दराने ५४० दिवसांचे ते १,९१,७०० रुपये होतात. सगळे मिळून ८,०९,१००. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा, ५३ टक्के, घरच्यांच्या बुडालेल्या पगाराचा आणि वेळेचा आहे. डॉक्टर, तपासण्या आणि औषधे मिळून जेमतेम ८ टक्के.

हे आमच्याच घरापुरते असेल असे वाटले होते, म्हणून थोडे वाचले. २०१९ साली जगात साडेपाच कोटी लोकांना स्मृतिभ्रंश होता आणि त्याचा एकूण खर्च १.३ लाख कोटी डॉलर धरला गेला. त्यातला निम्मा घरच्यांच्या विनामोबदला कामाचा, आणि वैद्यकीय खर्च फक्त १६ टक्के. या पेशंटांपैकी ६१ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, पण खर्चातला ७४ टक्के भाग श्रीमंत देशांतला आहे. त्याआधी २०१० च्या जागतिक अहवालात ही दरी आणखी रुंद होती : गरीब देशांत जगातले १४ टक्के पेशंट आणि खर्च मात्र एक टक्क्याहूनही कमी. भारतासाठी त्याच वर्षी निघालेल्या अहवालाने देशात ३७ लाख पेशंट आणि वर्षाचा खर्च १४,७०० कोटी रुपये धरला होता, ज्यात निम्म्याहून अधिक वाटा घरगुती सांभाळाचा होता. पेशंटांचा आकडा आता ८८ लाखांवर गेला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीच्या पुढच्या दर शंभरांत ७.४ जणांना स्मृतिभ्रंश असल्याचे आढळले, आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त निघाले.

गरीब देशात हा आजार स्वस्त का दिसतो, याचे उत्तर माझ्या वहीतच आहे. घरच्यांच्या वेळेची किंमत लावताना एक तर त्या माणसाचा बुडालेला पगार धरतात, नाहीतर तेच काम करायला बाहेरून माणूस आणला तर काय पडेल ते धरतात. मी नोकरी करते म्हणून माझ्या महिन्याचे ३४,००० झाले. माझ्या जागी नोकरी नसलेली सून असती तर तिचा तोच महिना ब्युरोच्या दराने २२,१०० चा झाला असता, आणि ताईंच्या मुलीचा महिना धरायचा तर कोणत्या रकान्यात धरायचा हे मला हिशेबाच्या नोकरीत इतकी वर्षे काढूनही सांगता येत नाही. काम तेच, तास तेच, रात्रीचे उठणे तेच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात एका पेशंटचा वर्षाचा घरखर्च आजाराच्या तीव्रतेनुसार शहरात ४५,६०० ते २,०२,४५० रुपये आणि खेड्यात २०,३०० ते ६६,०२५ रुपये असा आला होता. ते आकडे वाचताना खेड्यातला पेशंट कमी त्रास देतो असे कोणी समजू नये. तिथे विकत घ्यायला सेवाच नाही, आणि सांभाळणारीच्या दिवसाचा भाव कमी आहे.

मदत कुठून मिळते, हेही विचारले जाईल म्हणून लिहिते. अण्णांना एसटीच्या नोकरीची ईपीएस-९५ योजनेतली पेन्शन महिना २,९०० रुपये मिळते. औषधे आणि डायपर यांचाच महिना आता ५,५०० चा आहे. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेले आयुष्मानचे कार्ड आम्ही काढले. त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. अण्णा पडले आणि हाड मोडले तर कार्ड चालेल. ते पडू नयेत म्हणून जवळ बसणाऱ्या माणसाचे पैसे त्यातून मिळत नाहीत. खासगी मेडिक्लेमचेही तसेच. आयकरात १९६१ च्या कायद्यातल्या ८०डीडीबी कलमाखाली स्मृतिभ्रंशाच्या उपचारखर्चाची ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत वजावट आहे. त्यासाठी अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते आणि कर जुन्या पद्धतीने भरावा लागतो. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी नवी पद्धत घेतली होती, त्यामुळे पहिले वर्ष हातचे गेले. ज्यांच्या घरी निदान नुकतेच झाले आहे त्यांनी हे प्रमाणपत्र पहिल्या सहा महिन्यांत मागून ठेवावे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये आहेत, पण ती निराधारांसाठी आहे आणि आम्ही तिच्या उत्पन्नमर्यादेत बसत नाही.

या तिन्ही सेवांपैकी एकीनेही जे दिले नाही, ते एकेकाळी शेजारच्या गोव्यात करून पाहिलेले आहे. तिथे संशोधकांनी गावातल्याच, फारसे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन स्मृतिभ्रंशाच्या पेशंटांच्या घरी सहा महिने नियमित पाठवले. त्यांनी पेशंटचे डायपर बदलायचे नव्हते. सांभाळणाऱ्याशी बोलायचे, आजार समजावून सांगायचा, चिडचिड झाली तर काय करायचे ते दाखवायचे, सरकारी योजनांची माहिती द्यायची. ८१ कुटुंबांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे त्यात आढळले. बीडकडच्या ताई चुलत्यांना पाहून जे शिकल्या होत्या, ते तिथे ठरवून शिकवले गेले होते. अशी भेट आठवड्याला एकदा विकत मिळत असेल तर मी ब्युरोच्या एका दिवसाचे पैसे आनंदाने त्यासाठी देईन. आमच्या पहिल्या चार महिन्यांत तशी कोणी आली असती, तर दाराशी झालेल्या निम्म्या झटापटी टळल्या असत्या.

गुणच द्यायचे तर दहापैकी ब्युरोला चार, त्यातले दोन ताईंचे. निवासी केंद्राला तीन. दिवसभराच्या केंद्राला आठ. एक गुण व्हॅनमुळे कापला आणि एक त्या न चालणाऱ्या पेशंटच्या नियमामुळे, जरी तो नियम मला पटत असला तरी. केंद्र निवडताना चाचणीचे दिवस जरूर घ्या, पहिल्या दिवशी स्वतः तिथे तासभर बसा, आणि पेशंटच्या जुन्या कामाविषयी कोणी विचारते का ते पाहा. ब्युरो घ्यावाच लागला तर बदलीचे कलम, परत न मिळणारे शुल्क आणि माणसाच्या हाती प्रत्यक्ष किती पडते हे लेखी विचारा; तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळणार नाही, पण तो विचारल्यावर पलीकडचा सूर बदलतो.

परवा केंद्राची चिठ्ठी आली. पुढच्या महिन्यापासून शुल्क १३,५०० होणार आहे, व्हॅनचे तेवढेच राहील. चिठ्ठी अण्णांच्याच पिशवीत, वेबिलाच्या घडीत होती. त्यांनी पावती समजून तिच्यावर आधीच सही केली होती, शेवटी रेघ आणि खाली दोन टिंबे. तिच्या शेजारी मी माझी केली आणि सोमवारी ती परत पाठवली.